पंचेचाळीस टनांच्या आत

वाल्सोत या डोंगरातल्या गावाच्या स्की मंडळाने मला ऑक्टोबरात बोलावलं ते माझ्याकडून शाबासकी घ्यायला. शाळेच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं बसली होती. टेबलांवर सुकवलेल्या मांसाच्या पातळ कापांची ताटं होती आणि पुढे उभे होते मंडळाचे अध्यक्ष गियोन काडुफ. वय एकाहत्तर, मिशा पांढऱ्या, आवाज असा की ध्वनिक्षेपकाने लाजून घरी जावं. स्की महासंघातून कार्बन मोजणाऱ्या बाई आल्यात म्हणजे कमी कार्बनात आपलाच नंबर पहिला, याबद्दल त्या सभागृहात कुणाला शंका नव्हती.

शंका नसायला कारणही होतं. मार्च संपला की हे लोक शर्यतीच्या मार्गावरचा सगळा बर्फ ढकलत नेतात, डोंगराच्या सावलीत त्याचा ढीग रचतात, वर हातभर लाकडाचा भुसा पसरतात आणि उन्हाळाभर त्याला बाळंतिणीसारखं जपतात. ऑक्टोबरात भुसा काढला की चारातले तीन हिस्से बर्फ शाबूत. इतर गावं तोफांतून पाणी उडवून बर्फ बनवतात, ट्रकने आणतात, एका गावाने तर हेलिकॉप्टरने आणला होता. वाल्सोतच्या बर्फाचा कार्बन मोजून तीन टन.

"तर मग सांगा, फ्राउ एबिशर," काडुफ म्हणाले, "आमचा नंबर कितवा?"

"शेवटचा," मी म्हणाले.

ताटातला एक काटा खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

आता माझी बाजूही सांगायला हवी. आमच्या महासंघाने आदल्या वर्षी शपथ घेतली होती की हिवाळी शर्यतींचा कार्बन दर वर्षी कमी करायचा. लहान शर्यतींना मर्यादा पंचेचाळीस टन. या हिवाळ्यापासून ती जी शर्यत ओलांडेल ती पुढच्या हिवाळ्याच्या वेळापत्रकातून बाद. ही शपथ घ्यायला एकसष्ट देशांचे प्रतिनिधी विमानांनी एका उबदार बेटावर जमले होते. मी त्याचाही हिशेब केला. वाल्सोतच्या चार-पाच शर्यतींइतका आकडा निघाला. माझे साहेब, डॉक्टर ब्रुडरर, कागद बघून म्हणाले, "हे 'इतर'मध्ये टाका." आमच्या कार्यालयात 'इतर' हा रकाना सगळ्यांत धष्टपुष्ट आहे.

पण वाल्सोतच्या गेल्या हिवाळ्यातल्या अठ्ठावन्न टनांना 'इतर'मध्ये जागा नव्हती.

"अठ्ठावन्न?" काडुफ ओरडले. "बाई, तुमच्या मशीनमध्ये पाणी गेलंय! आम्ही विजेचा ट्रॅक्टर घेतला. लाकडाच्या ताटल्या घेतल्या. सुपाचे वाडगेसुद्धा धुऊन वापरतो!"

"वाडगे छानच आहेत," मी म्हणाले. "बर्फाचे तीन. खेळाडू आणि संघ इथपर्यंत येतात त्याचे वीस. जेवणखाण, वीज, बाकी सगळं मिळून सात. हे झाले तीस. उरलेले अठ्ठावीस म्हणजे सातशे मोटारी."

"कुणाच्या मोटारी?"

"बघायला येणाऱ्यांच्या. जाऊन-येऊन एका मोटारीमागे चाळीस किलो."

साठ वर्षं या लोकांनी बर्फाचा कण अन् कण मोजला होता. बर्फ बघायला माणसं कशाने येतात हे मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बर्फावर जीव असलेल्या माणसांचीच ही चूक.

"पण आपण तर खास रेल्वे सोडतो शर्यतीच्या दिवशी!" काडुफ म्हणाले. "चौदा डब्यांची!"

"सोडता ना," मागच्या रांगेतून आवाज आला. "रिकामी."

ही लादिना कासुट. त्या खास गाडीची कंडक्टर, काडुफांच्या सख्ख्या भावाची मुलगी. हाताची घडी घालून ती उभी राहिली. "गाडी सुटते पाच वाजून दोन मिनिटांनी. एकेरी रूळ आहे, वरून-खालून नेहमीच्या गाड्या असतात, मला तेवढीच फट मिळते. ती चुकली की आठपर्यंत रूळ मोकळा नाही. आणि इथे काय होतं? चार वाजता बक्षीस समारंभ सुरू होतो. त्यात काका तुमचं भाषण."

"माझं भाषण छोटं असतं."

"पंचेचाळीस मिनिटं."

"गेल्या वर्षी चाळीस होतं!"

"आणि त्यानंतर चीजची सोडत," लादिनाने पुढे रेटलं. "बारा अख्खी चाकं. तिकीट घेऊन जागेवर हजर असाल तरच मिळणार. मग कोण हलतंय तिथून? साडेपाच वाजतात. म्हणून लोक शहाणे झालेत, मोटारीच काढतात. मी दर वर्षी चौदा रिकामे डबे खाली घेऊन जाते. एकदा एक कुत्रा होता, तेवढाच."

सभागृहात पहिल्यांदा हशा पिकला. काडुफ मात्र हसले नाहीत. ही शर्यत त्यांच्या वडिलांनी सुरू केली आणि तिसाव्या वर्षापासून यांनी चालवली. लग्नाचा वाढदिवस विसरणारा हा माणूस शर्यतीची तारीख झोपेतही सांगेल, असं त्यांच्या बायकोनेच मला नंतर सांगितलं.

"किती मोटारी चालतील?" त्यांनी मला विचारलं.

"तीनशे पंच्याहत्तर. एकही जास्त नाही."

"आणि भाषण?"

"ते मी मोजत नाही," मी म्हणाले. "ते लादिनाला विचारा."

त्या रात्री काका-पुतणीत जो सौदा झाला तो जनावरांच्या बाजारात शोभला असता. काडुफ तीस मिनिटांवर उतरले, लादिना पाचावर अडून बसली, शेवटी बारा ठरली आणि दोघांनी हात मिळवले. समारंभ चारला सुरू, साडेचारला सोडत संपवायची, आणि तिकिटांवर लाल अक्षरांत छापायचं: रेल्वेने या, चीज घेऊन रेल्वेने जा.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, शर्यतीच्या दिवशी, मी पहाटेच्या गाडीने वर गेले आणि गावाच्या वेशीवर, गोठ्याशेजारच्या मोकळ्या रानात मोजायला उभी राहिले. माझ्याकडे एक वही, दोन पेन्सिली आणि सुपाचा एक वाडगा. मोटारी येत होत्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. दर अर्ध्या तासाला काडुफ धापा टाकत यायचे.

"किती?"

"दोनशे सत्तर."

"आता बस्स! रस्त्यावर गाय बांधतो."

"गायीचाही कार्बन असतो, हेर काडुफ."

"देवा!" असं म्हणून ते परत पळायचे.

साडेअकराला खास गाडी आली आणि चौदा डब्यांतून माणसं अशी सांडली की फलाट दिसेना. लादिना शेवटच्या पायरीवर उभी राहून बोटं नाचवत होती: सहाशे साठ! काडुफांनी फलाटावरच एका अनोळखी जाड्या माणसाला मिठी मारली. बारा वाजता माझ्या वहीत मोटारी होत्या तीनशे एकाहत्तर. त्यांत एक काळी, उंच, प्रशस्त मोटार, आत एकटे डॉक्टर ब्रुडरर.

"पाहुण्यांच्या मोटारी धरत नाहीत ना?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"कार्बनला पाहुणा कळत नाही, साहेब," मी म्हटलं आणि एक रेघ ओढली.

तर चार मोटारी हातात होत्या. पण मला ठाऊक होतं की वही इथे मिटत नाही. हे सहाशे साठ लोक रेल्वेने आले, पण पाच-दोनची गाडी हुकली तर खालून बायको, भाऊ, मेहुणा यांना फोन जाणार, आणि तीनशे रिकाम्या मोटारी त्यांना न्यायला वर येणार. मग सगळी मेहनत पाण्यात.

शर्यत मात्र अशी झाली की मीसुद्धा दोनदा वही विसरले. बायकांची तीस किलोमीटर, सगळ्या एकदम सुटलेल्या. भुशाखालून काढलेला तो जुना बर्फ करडा, खडबडीत. त्यावर स्की अशा वाजत होत्या की जणू कुणी कापड टराटरा फाडतंय. शेवटच्या चढावर फिनलंडची सिर्पा पुढे, उतारावर नॉर्वेची इंगविल्ड पुढे, आणि शेवटच्या शंभर मीटरांत दोघी शेजारी शेजारी, गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजवत दोन्ही बाजूंना दोन हजार माणसं. दोघींनी एकाच क्षणी पाय पुढे फेकला.

फलकावर काहीच आलं नाही. फोटो बघायला हवा होता.

फोटो बघितला. सिर्पा, एका बोटाने. नॉर्वेवाल्यांनी हरकत घेतली: चढावर सिर्पाने वाट अडवली. पंच लाकडी खोपटात शिरले आणि दार लावून घेतलं. घड्याळात तीन पन्नास.

चार वाजले. चार दहा. बँडवाल्यांनी वाजवायचं ते सगळं वाजवलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. चार वीस. काडुफ खोपटासमोर येरझारा घालत होते. "आत झोपलेत का हे? लादिना, कान लावून बघ."

"मला स्टेशनवर जायचंय," लादिना म्हणाली. "काका, मी आत्ताच सांगून ठेवते. पाच-दोन म्हणजे पाच-दोन. पोप जरी बुटाची नाडी बांधत असला तरी मी शिट्टी मारणार."

चार चौतीसला दार उघडलं. हरकत फेटाळली, सिर्पा पहिली. पण नियमाने आणखी पाच मिनिटं थांबायचं होतं, लेखी निकाल फलकावर लागेपर्यंत. लागला तेव्हा चार एकोणचाळीस. स्टेशन चालत दहा मिनिटं, गर्दीबरोबर पंधरा. तेवीस मिनिटांत समारंभ, राष्ट्रगीत, भाषण, बारा चाकं चीज आणि चालणं. मी मनात वजाबाकी केली आणि सोडून दिली. दोन हजारांतला एकही माणूस जागचा हलत नव्हता. प्रत्येकाच्या मुठीत तिकीट.

काडुफ विजयपीठावर चढले. मला वाटलं, झालं, आता बारा मिनिटं. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला, खिशातून कागदांचा गठ्ठा काढला, त्याकडे बघितलं आणि परत खिशात घातला.

"मंडळी!" ते गरजले. "इथे काहीही होणार नाही! बक्षिसं गाडीत! चीज गाडीत! राष्ट्रगीत गाडीत! जे रेल्वेने आलेत त्यांनी पळा, मोटारवाल्यांनी जिंकलेलं चीज मी उद्या पोस्टाने पाठवतो. बँड पुढे व्हा!"

असा ओरडा उठला की खोपटाच्या छपरावरचा बर्फ घसरून पंचांच्या अंगावर पडला.

"थांबा!" डॉक्टर ब्रुडरर गर्दीतून हात वर करून आले. "हे चालणार नाही. नियमात आहे, समारंभ शर्यतीच्या ठिकाणीच. तीन उंचींचं पीठ, मागे पुरस्कर्त्यांचा फलक. मी परवानगी देऊ शकत नाही."

"मग देऊ नका," काडुफ म्हणाले. ते विजयपीठाचा एक खोका उपटायच्या मागे होते.

"याची जबाबदारी कोण घेणार?"

"मी! हा खोका तुम्ही घ्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याशेजारी गेले आणि हळूच वही उघडली. "साहेब, हे लोक थांबले तर सत्तावन्न टन. शर्यत बाद."

"वाईट आहे. पण नियम नियम असतो."

"बरोबर. फक्त आपल्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर या गावाचा भुशाचा ढीग आहे. खाली लिहिलंय, 'भविष्य असं दिसतं.' छपाईला गेलाय का?"

साहेबांचा चेहरा थोडा लांब झाला. "चाळीस हजार प्रती."

"मग त्या 'इतर'मध्ये टाकाव्या लागतील."

त्यांनी दोन सेकंद आकाशाकडे बघितलं. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले.

"काही पाहिलं नाही म्हणायलासुद्धा गाडीत असावं लागेल, साहेब. चला."

आणि काडुफांनी त्यांच्या हातात खरंच खोका दिला.

ती वरात मी आयुष्यभर विसरणार नाही. पुढे बँड, त्यामागे पंचांचे दिवे, मग पाठीवर स्की घेतलेल्या सिर्पा, इंगविल्ड आणि तिसरी आलेली स्वीडनची पोरगी, हातगाडीवर बारा चाकं चीज, पुरस्कर्त्यांचा फलक सतरंजीसारखा गुंडाळून चौघांच्या खांद्यावर, आणि आमचे साहेब, महासंघाचे शाश्वत विकास संचालक, दोन नंबरचा खोका डोक्यावर घेऊन. मागे सहाशे माणसं, घंटा वाजवत, घसरत, एकमेकांना सावरत, शिव्या घालत. चार अठ्ठावन्नला पहिले लोक डब्यात शिरले. पाच वाजता फलाट निम्मा रिकामा.

"काका कुठायत?" लादिनाने विचारलं.

काका नव्हते. सोडतीच्या चिठ्ठ्यांचं पिंप वरच राहिलं होतं आणि ते आणायला काका परत गेले होते.

पाच एक. लादिना शिट्टी ओठांत धरून घड्याळाकडे बघत उभी. खिडक्या-खिडक्यांतून माना बाहेर. "थांबव ना गं थोडी!" कुणी ओरडलं.

"सख्खे काका आहेत," ती शिट्टी न काढता म्हणाली. "गाडी सख्खी नाही."

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून खरखर ऐकू आली. वळणावरून एक लाकडी स्लेज आली, तिच्यावर काडुफ, पुढ्यात पिंप दोन्ही हातांनी कवटाळलेलं, पाय ब्रेक लावायला पुढे, मिशांत बर्फ. "बाजूला! बाजूला व्हा!" स्लेज फलाटाच्या कठड्यावर आपटली, ते आणि पिंप वेगवेगळ्या दिशांना गेले, चार हातांनी दोघांना ओढून सामानाच्या डब्यात घेतलं, आणि शिट्टी वाजली. पाच दोन.

*

सामानाचा डबा मोठा होता. खोके मांडले, फलक दोन माणसांनी धरला, बँडच्या तुताऱ्या छताला लागत होत्या. लादिनाने गाडीतला सूचनांचा ध्वनिक्षेपक काकांच्या हातात दिला, म्हणजे चौदाही डब्यांत आवाज. सिर्पा खोक्यावर चढली आणि गाडी वळणावर कलली तशी इंगविल्डच्या गळ्यात पडली. तासाभरापूर्वी हरकत घेणारी नॉर्वेची मंडळी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. फिनलंडचं राष्ट्रगीत बोगद्यात सुरू झालं आणि पुलावर संपलं. आमचे साहेब फलकाचं एक टोक धरून उभे होते, आणि टोक खाली गेलं की काडुफ त्यांना डोळ्यांनी दटावत होते.

मी मात्र खिडकीशी होते. रूळ आणि रस्ता तिथे खालपर्यंत शेजारून जातात. वीसेक माणसं गर्दीत मागे राहिली होती हे मला दिसलं होतं. त्यांना न्यायला जे येतील ते याच रस्त्याने येणार.

पहिले दिवे दिसले. वर चाललेले. मी रेघ ओढली.

"काय मोजताय?" शेजारच्या आजीने विचारलं. मी सांगितलं. ती वळून ओरडली, "अरे, वर जाणाऱ्या मोटारी मोजा! चार आपल्या, पाचवी आली की शर्यत गेली!"

अर्ध्या मिनिटात ते चौदा डब्यांत पोचलं, कारण काडुफांनी ध्वनिक्षेपक तोंडाशीच धरला होता. सगळी गाडी एका बाजूच्या खिडक्यांना लागली.

"दुसरी!"

"ती नाही, ती पोस्टाची बस आहे! रोजची!"

"खरंय, पिवळी आहे. खोडा!"

मी खोडली.

"ही बघा, दुसरी!"

"तो आमचा शेजारी, बाई. घरी चाललाय, रोज याच वेळी जातो. त्याला धरू नका!"

"शपथ?"

"त्याच्या म्हशीसारख्या आवाजाच्या मोटारीची शपथ!"

लांबवर आणखी दिवे. दुसरी, खरी. मग वळणानंतर तिसरी. काडुफ खोक्यावर बसले होते, ध्वनिक्षेपक गुडघ्यावर, आणि चौदा डब्यांत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. चौथी आली. चौथी जाताना एका पोरीने डोळे मिटून घेतले.

पंधरा मिनिटं काही नाही. नदी, पूल, अंधारलेली झाडं. खालचं शहर दोन स्टेशनांवर आलं आणि समोरच्या वळणावर दोन दिवे उगवले.

"नको," काडुफ म्हणाले. ते सगळीकडे ऐकू गेलं.

दिवे जवळ आले. मोठे, झगझगीत. मी पेन्सिल टेकवली. मोटार रुळाला समांतर आली, वेग कमी झाला, एक दिवा लुकलुकायला लागला, आणि ती डावीकडे एका गोठ्याच्या अंगणात वळली. दारातून एक बाई बाहेर आली आणि ड्रायव्हरला काहीतरी जोरात बोलली. उशिरा आल्याबद्दल असावं.

असा दंगा झाला की गाडी रुळावरून उतरते की काय असं मला वाटलं. आजीने माझा मुका घेतला. तुतारीवाल्याने माझ्या कानात तुतारी फुंकली.

"फ्राउ एबिशर!" काडुफांनी ध्वनिक्षेपक माझ्या तोंडासमोर धरला. "आकडा!"

"मोटारी तीनशे पंच्याहत्तर," मी म्हणाले. "एकूण पंचेचाळीस टन. मर्यादेबाहेर एक किलोसुद्धा नाही. शर्यत राहिली."

भाषणाचे कागद काडुफांच्या खिशातून अर्धे बाहेर आले होते, आणि ते तसेच लटकत राहिले. मग त्यांनी नाक पुसलं आणि पिंपात हात घालून चीजची पहिली चिठ्ठी काढली.

शहराच्या फलाटावर उतरताना साहेब माझ्या आणि काडुफांच्या जवळ आले. कोटाला भुसा लागला होता, केस विस्कटलेले, आणि मी त्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा हसताना बघत होते. त्यांची मोटार वरच राहिली होती. ते विसरलेच होते बहुतेक, आणि मी आठवण करून दिली नाही. "एक सांगायचं राहिलं, हेर काडुफ," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मर्यादा बेचाळीस आहे."

काडुफ थांबले. हातात रिकामं पिंप. त्यांनी ओठ हलवत मनात काही गुणलं, काही वजा केलं, आणि मग मान मागे टाकून फलाटभर हाक मारली.

"लादिना! चारच्या सुमारास आणखी एका खास गाडीसाठी तुझ्याकडे एखादी फट आहे का गं?"